मोफत मराठी पुस्तकं कुठे मिळतात, आणि फुकटचं पुस्तक खरंच वाचलं जातं का?

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगी सहावीत आहे. वडील निवृत्त आहेत, वाचनाची आवड जुनी, पण आता बारीक अक्षर दिसत नाही. दर महिन्याला पुस्तकं विकत घेणं घरखर्चात बसत नाही. मग मोफत मराठी पुस्तकं कुठे मिळतील? व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ वाचल्या तर चालतं का? आणि एवढी खटपट करून मुलीला वाचायला लावण्यात खरंच काही अर्थ आहे का?

मी सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे, नोकरीची बहुतेक वर्षं देवघेवीच्या टेबलापाशीच गेली. म्हणून शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

अर्थ आहे. मात्र १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाच्या भाषणांत जे ऐकू येतं, म्हणजे वाचनाने संस्कार होतात, मूल हुशार होतं, ते मी ठामपणे सांगणार नाही. भरपूर वाचणारी बेरकी माणसंही मी पाहिली आहेत. टेबलावरून दिसतं ते साधं आहे. आपल्या आवडीचं वाचत आलेलं मूल लांबलचक मजकुराला घाबरत नाही. पाच ओळींचं शाब्दिक गणित असो की इतिहासाचा पानभर उतारा, ते शेवटपर्यंत जातं. मग ते पोर पुढे अर्ज, करार, सरकारी पत्र, औषधासोबतचा कागद, सगळं स्वतः वाचतं, दुसऱ्याला विचारत बसत नाही. आणखी एक: कंटाळा आला की त्याला स्वतःची अशी एक जागा असते. मला एवढं पुरे वाटतं.

पण असे वाचक तयार होतात कसे? आमच्या नोंदी पाहिल्या तर एक गोष्ट वारंवार दिसते. वर्षानुवर्षं टिकणारा सभासद पुष्कळ पुस्तकं अर्धवट वाचून परत करतो. दोन नेतो, एकाची वीस पानं चाळतो, आवडलं नाही की दुसऱ्या दिवशी बदलून नेतो. उलट घरी तीनशे रुपयांचं पुस्तक आणलं की आई-वडील म्हणतात, ‘एवढे पैसे घातलेत, आता पूर्ण कर.’ मूल दात-ओठ खात ते संपवतं आणि पुढचं मागत नाही. फुकट पुस्तकाचा मोठा गुण मला इथे दिसतो. पैसे वाचतात ते ठीकच, पण ते सोडून देता येतं. मुलीला आवडीनिवडी शोधायच्या असतील तर तिला दहातली सात पुस्तकं नाकारता आली पाहिजेत, आणि विकत घेऊन हे कुणालाच परवडत नाही. तुमच्याच काय, माझ्याही घरात नाही.

आता पुस्तकं कुठून आणायची. ‘मोफत’ म्हणून जे मिळतं ते तीन प्रकारचं असतं: ज्याचे हक्क संपले आहेत ते, ज्याचे हक्क आहेत पण मालकाने आपणहून खुलं केलं आहे ते, आणि ज्याची प्रत कुणीतरी विकत घेऊन तुम्हाला वाचायला दिली आहे ते, म्हणजे ग्रंथालयातलं. चौथा प्रकार चोरीचा. त्याबद्दल शेवटी.

हक्कांचा हिशेब दिसतो तितका अवघड नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे भारतात लेखकाच्या हयातीनंतर साठ वर्षं हक्क राहतो, आणि ही साठ वर्षं मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. १९९२च्या दुरुस्तीआधी ही मुदत पन्नास वर्षांची होती. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून सर्वांचं झालं. ‘श्यामची आई’ कुणीही छापू शकतो ते त्यामुळे, आणि म्हणूनच दुकानात तिच्या इतक्या वेगवेगळ्या आवृत्त्या दिसतात. हरि नारायण आपटे आणि राम गणेश गडकरी १९१९ मध्ये गेले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ मध्ये, मर्ढेकर १९५६ मध्ये. ही मंडळी मोकळी आहेत. चिमणराव आणि गुंड्याभाऊ जन्माला घालणारे चिं. वि. जोशी १९६३ साली गेले, त्यामुळे २०२४ उजाडताच तेही मोकळे झाले. ही बातमी बऱ्याच वाचकांपर्यंत पोचलेली नाही. तुमच्या वडिलांना हे नक्की सांगा.

उलट खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे २०३६ संपेपर्यंत थांबायचं. पु. ल. गेले २००० साली, तेव्हा त्यांच्यासाठी २०६० अखेर. त्यांच्या पुस्तकाची ‘फ्री पीडीएफ’ कुणी देत असेल तर ती कुठून आली हे वेगळं सांगायला नको.

दोन बारकावे. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेल्या पुस्तकाची साठ वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाई चौधरी १९५१ मध्ये गेल्या आणि त्यांच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, म्हणजे त्या २०१३ पासून खुल्या. दुसरं, अनुवादावर अनुवादकाचा वेगळा हक्क असतो आणि नव्या प्रस्तावनेवर, टीपांवर, चित्रांवर ती करणाऱ्याचा. ज्ञानेश्वरीची मूळ ओवी कुणाच्या मालकीची नाही, पण हल्लीच्या अभ्यासकाने केलेला तिचा गद्य अर्थ असतो.

हक्क संपलेली पुस्तकं शोधायला मी आधी मराठी विकिस्रोतावर जातो. तिथे स्वयंसेवक जुनी पुस्तकं स्कॅन करून, टंकून, तपासून ठेवतात. संग्रह अफाट नाही, पण जे आहे ते खऱ्या अक्षरांत आहे, पानाच्या फोटोत नाही. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, ईपब या ई-पुस्तकाच्या स्वरूपात उतरवून घेता येतं आणि फोनला ते मोठ्याने वाचायला सांगता येतं. वडिलांसाठी ही बाब निर्णायक आहे. स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे चित्रच. ती मोठी केली की ओळ पडद्याबाहेर जाते आणि दर ओळीला बोट सरकवावं लागतं. चांगली दृष्टी असलेला माणूसही दहा पानांत वैतागतो.

इंटरनेट अर्काइव्ह या जुनी पुस्तकं साठवणाऱ्या मोफत संकेतस्थळावर मात्र बहुतेक सगळं स्कॅनच. ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ नावाच्या सरकारी प्रकल्पात देशभरच्या ग्रंथालयांतली लाखो पुस्तकं स्कॅन झाली होती, त्यांतली पुष्कळ तिथे पोचली आहेत, आणि त्यांत मराठी भरपूर. शोधायची मात्र शिक्षा. नावं रोमन लिपीत, तीही नोंदणाऱ्याला सुचेल त्या स्पेलिंगने घातलेली. ‘श्यामची’मधल्या ‘ची’ला एक आय आहे की दोन, डबल ई आहे की आणखी काही, हे देवाला ठाऊक. माझी युक्ती अशी: पुस्तकाच्या नावाऐवजी लेखकाचं आडनाव टाकायचं, दोन-तीन प्रकारे लिहून बघायचं आणि भाषेच्या गाळणीत मराठी निवडायचं. देवनागरीत शोधताना जुनं लेखनही आठवावं. १९६२मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले, त्याआधीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘नांव’, ‘घरीं’ असे अनुस्वार असतात आणि आजच्या लेखनाने शोधलं तर ती सापडत नाहीत. सहावीतल्या मुलीला पहिलंच पुस्तक असं अनुस्वारांनी भरलेलं देऊ नका. तिला भाषा जुनाट वाटेल आणि दोष लेखकाच्या माथी जाईल. तिथे ठेवलेलं सगळंच हक्कमुक्त नसतं, तेव्हा वरचा साठ वर्षांचा हिशेब तिथेही लावायचा.

मुलीसाठी मी दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे मालकाने खुलं केलेल्या पुस्तकांकडे, आधी जाईन. त्यातही सर्वांत आधी ‘किशोर’. बालभारती हे मासिक १९७१ पासून काढते आणि जुने अंक त्यांनी संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. पन्नास वर्षांहून जास्त काळाचं मराठी बालसाहित्य, चित्रांसकट. मासिकाचा फायदा असा की एका अंकात गोष्ट, कविता, कोडं, विज्ञान, सगळं असतं. मुलगी काय वाचते आणि काय उलटून टाकते ते दोन अंकांत कळतं. तिला कोणतं पुस्तक द्यायचं हा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. वडिलांनाही ते जुने अंक दाखवा. १९७०-८० च्या दशकांतली मुखपृष्ठं पाहून मोठी माणसं तासभर हलत नाहीत, हे मी पाहिलं आहे. आजोबांनी नातीला वाचून दाखवायलाही ते उत्तम आहेत, अर्थात टॅबलेट मोठा असेल तर.

मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स या संस्थेचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथली चित्रकथांची पुस्तकं अनेक भाषांत आहेत, मराठीतही भरपूर. वाचनाच्या चार पातळ्या लावलेल्या असतात. सहावीतली मुलगी चौथ्या पातळीची पुस्तकं पटापट संपवेल, तेव्हा ती मोठ्या आधारापेक्षा तोंडओळखीसाठी. धाकटं भावंड असेल तर मात्र खजिना आहे. ही पुस्तकं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळे श्रेय देऊन ती छापायला, वाटायला, भाषांतर करायलाही मुभा आहे. शाळेतल्या बाईंनी पाच गोष्टींच्या प्रती काढून वर्गात टांगल्या तर कुणाची हरकत नाही. नॅशनल बुक ट्रस्ट चालवत असलेलं ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी आहे, ॲपवर वयोगटाप्रमाणे पुस्तकं मिळतात. मुलीला हाताने काही करून बघायची आवड असेल तर पद्मश्री अरविंद गुप्ता यांचं संकेतस्थळ उघडून द्या. टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी कशी करायची याची त्यांची पुस्तकं तिथे आहेत. ‘मला वाचायला आवडत नाही’ म्हणणारी मुलं अशी पुस्तकं वाचतात, कारण काडेपेटी आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब घेऊन काय करायचं ते कळण्यासाठी वाचावंच लागतं.

मोठ्यांसाठी सरकारी प्रकाशनांचा साठा आहे आणि लोकांना त्याचा पत्ताच नसतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली शेकडो पुस्तकं ई-बुक करून संकेतस्थळावर टाकली आहेत: चरित्रं, इतिहास, लोकसाहित्य, कोश. काही रुक्ष आहेत, खोटं कशाला सांगू. पण त्यांत अशीही पुस्तकं आहेत जी दुकानात कधीच संपली आणि पुन्हा छापली गेली नाहीत. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड महाजालावर फुकट वाचता येतात. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत बसून हे काम उभं केलं आणि पहिला खंड १९७६ मध्ये आला. मुलीच्या प्रकल्पासाठी कुठल्यातरी ब्लॉगवरून उतरवून घेण्यापेक्षा विश्वकोशातली नोंद वाचायची सवय लावा. कठीण शब्द अडले तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, तेही फुकट. नवे, हौशी लेखक वाचायचे असतील तर ई-साहित्य प्रतिष्ठान आहे. तिथे लेखक स्वतःच पुस्तक मोफत द्यायला तयार असतात. दर्जा वरखाली असतो, पण वीस पानांत कळतं आणि सोडून देताना काही जात नाही.

वडिलांची दृष्टी खरोखरच इतकी अधू झाली असेल की छापील अक्षर वाचताच येत नाही, तर २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयाची चौकशी करा. अंध आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठी ते आहे. सभासद होताना तसं प्रमाणपत्र लागतं. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीने अशा वाचकांसाठी हक्क असलेली पुस्तकंही ऐकण्याजोग्या रूपात करायला परवानगी दिली, म्हणून तिथे नवी पुस्तकंसुद्धा मिळतात. आजच्या लेखकांची कायदेशीर, मोफत पुस्तकं अशी सहजी दुसरीकडे मिळत नाहीत.

हे सगळं सांगून झाल्यावरही माझा आग्रह तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे गावातल्या ग्रंथालयाचा. माझं पोट त्यावर आहे म्हणून म्हणतोय असं वाटेल, वाटू द्या. महाजालावर हक्क संपलेलं जुनं आणि संस्थांनी दिलेलं निवडक मिळतं. मधली साठ-सत्तर वर्षं, म्हणजे मराठी वाचकाला ज्यांची नावं झोपेतही आठवतात ते बहुतेक लेखक, फक्त कपाटात आहेत. शिवाय कपाटासमोर उभं राहून पुस्तक काढायचं, मधलं पान वाचायचं, परत ठेवायचं, ही नाकारण्याची मुभा फोनवर तशी मिळत नाही. फोनवर लोक नाकारत नाहीत, साठवतात. चारशे पीडीएफ आणि वाचलेली एकही नाही, असे फोन मला रोज दाखवले जातात.

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत, तालुक्याच्या गावी तर एक असतंच. ही परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. गोव्यात पणजीचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आपलं मूळ १८३२ पर्यंत मागे नेतं. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फुकट पाठवण्याची सोय केली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम आज हेच करतो. वाचकांच्या गटाला पुस्तकांची पेटी मिळते, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी बदलायची. दुबईतल्या मराठी मंडळींपर्यंत त्या पेट्या गेल्या आहेत. तुमच्या सोसायटीत किंवा महिला मंडळात दहा-पंधरा घरं तयार असतील तर चौकशी करण्यासारखी गोष्ट आहे.

आता ‘मोफत’चं म्हणाल तर आमचं ग्रंथालय अगदी मोफत नाही. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा आहे. काही राज्यांत मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात, तसा आपल्या कायद्यात नाही. ग्रंथालयं स्थानिक संस्था चालवतात, सरकार अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान देतं आणि उरलेलं वर्गणीतून भागवावं लागतं. म्हणून अनामत आणि मासिक वर्गणी. तरी तालुक्याच्या ठिकाणी ती इतकी किरकोळ असते की वर्षभराच्या वर्गणीत एखादं मध्यम आकाराचं पुस्तक येईल. बालविभागाची वर्गणी त्याहून कमी, काही ठिकाणी नाहीच. वर्तमानपत्रं आणि मासिकं बसून वाचायला बहुतेक ठिकाणी सभासद असावं लागत नाही. दिवाळीनंतर अंकांची वेगळी योजना निघते. एक ठराविक रक्कम भरली की काही महिने सगळे दिवाळी अंक आळीपाळीने घरी येतात. वडिलांसाठी ती घ्याच.

एक जास्तीची सोय लोक वापरत नाहीत. हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत लिहा. अनुदानाचा ठराविक भाग ग्रंथखरेदीवर खर्च करावाच लागतो, आणि कोणती पुस्तकं घ्यावीत हे ठरवताना वहीतल्या चार नोंदी समितीपुढे ठेवता आल्या तर आमचंही काम सोपं होतं. नाहीतर कुणाच्या तरी ओळखीच्या प्रकाशकाची सूची पुढे येते, आणि मग कपाटात काय भरतं ते तुम्ही पाहिलंच असेल.

सहल जमली तर पाचगणीजवळच्या भिलारला जा. मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घरोघरी, देवळात, शाळेत विषयवार पुस्तकं मांडलेली आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा, पैसे नाहीत. स्ट्रॉबेरीच्या मोसमात गर्दी असते, पण ती स्ट्रॉबेरीला.

राहिल्या व्हॉट्सॲपच्या पीडीएफ. ओळखायला दोन खुणा पुरतात. लेखक गेल्याला साठ वर्षं झाली नसतील आणि फाइल प्रकाशकाकडून, लेखकाकडून किंवा एखाद्या संस्थेकडून आलेली नसेल, तर ती चोरीची. बऱ्याचदा पहिली तीन-चार पानं, जिथे प्रकाशकाचं नाव आणि हक्काची ओळ असते, ती कापलेली असतात. मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींची, हल्ली त्याहूनही कमी. त्यात ग्रंथालयांची खरेदी हा मोठा भाग. तीच कथा गटागटांत फुकट फिरू लागली की दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि लेखकाचा मानधनाचा आकडा तर बोलण्यासारखाही नसतो. ग्रंथालयातून नेलेल्या पुस्तकाची किंमत कुणीतरी एकदा भरलेली असते. दोन्ही फुकट असूनही मला ती एका तराजूत घालता येत नाहीत. आणि ‘मराठी पुस्तकं फुकट’ म्हणून जे ॲप प्ले स्टोअरच्या बाहेरून उतरवून घ्यायला सांगतं किंवा कार्डाचा नंबर विचारतं, ते पुस्तकांसाठी बनवलेलं नसतंच.

मुलीचं कसं सुरू करायचं? तिला सोबत घेऊन या, फॉर्म तिच्या नावाने भरा आणि पुस्तक तिलाच निवडू द्या, तुम्ही दुसऱ्या कपाटाकडे बघत राहा. तिने भुताच्या गोष्टी उचलल्या तर नेऊ द्या. पहिले दोन महिने कुठलं पुस्तक पूर्ण झालं हे विचारू नका. आधार कार्डाची प्रत आणि एक फोटो लागेल. अनामत भरल्याची पावती मात्र जपून ठेवा, सभासदत्व सोडताना ती दाखवल्याशिवाय पैसे परत मिळत नाहीत.